वेटिंगचा अकरावा नंबर

आमच्या जुळे सोलापुरातल्या कॉलनीत सध्या दोनच विषय आहेत. नळाला पाणी कधी येणार, आणि शेजारच्या वहिनींच्या धाकटीचा नंबर कुठं लागणार. पहिल्याचं उत्तर चावीवाल्याला तरी विचारता येतं. दुसऱ्यासाठी वहिनी कंपाऊंडच्या भिंतीशी येतात, कारण मी सरकारी दवाखान्यातून समाजसेवा अधीक्षक म्हणून निवृत्त झाले आणि धाकटीला करायची ती एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, केलेली या गल्लीत मी एकटीच. नोकरीत असताना माझ्या पदवीला एवढा भाव कधी आला नव्हता.

"ताई, आहात का ओ?"

"आहे की. काय, लागली का यादी?"

"कुठली ओ! रात्री दीडपर्यंत मोबाईल घेऊन बसली होती. तेच पान उघडायचं, मिटायचं, परत उघडायचं. मी म्हटलं, अगं, रात्री दीड वाजता कोण साहेब बसलाय यादी लावायला? तर म्हणते, मागच्या वर्षी रात्रीच लागली होती म्हणे. हे 'म्हणे' कोण सांगतंय कुणास ठाऊक. जेवण नाही, झोप नाही. काल वरणात मीठ नव्हतं तरी निमूट जेवली, तेव्हा मला खरी काळजी वाटली."

वहिनींची खरी तक्रार आहे ती या प्रवेशाच्या पद्धतीबद्दल. थोरला इंजिनिअरिंगला गेला तेव्हा सगळं सरळ होतं. सीईटी, कॅप राऊंड, कॉलेज, मोकळं. हिचं म्हणजे एकातून दुसरं निघतं. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटसाठी पूर्वी त्यांची स्वतःची टिसनेट असायची, आता सीयूईटी-पीजी द्यावी लागते. 75 प्रश्न, बरोबर आलं तर 4 गुण, चुकलं तर 1 कापणार. ती मार्चमध्ये झाली. तिचा निकाल लागला म्हणून पेढे आणले, तर कळलं की त्यानं नुसतं दार उघडलंय. पुढं संस्थेचा फॉर्म वेगळा, मग मुलाखतीची यादी, मग मुलाखत, मग खरी यादी. शिवाय पुण्याची कर्वे संस्था, मुंबईची निर्मला निकेतन, यांचे फॉर्म आणखी निराळे. प्रत्येकाचा लॉगिन वेगळा, पासवर्ड वेगळा. वहिनींनी ते सगळे कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवलेत, आणि दूधवाला महिन्याचं बिल करायला आला की ते पान हातानं झाकतात.

दाखल्यांचं तर विचारूच नका. यांचं ओबीसीत येतं. नॉन-क्रिमिलेअर काढलेलं होतं, म्हणून वहिनी निवांत होत्या. सेतूतल्या पोरानं बरं विचारलं, "राज्याचं की केंद्राचं?" केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेला दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा दिला की बाद. त्या एका प्रश्नासाठी वहिनींनी त्या पोराला शेंगाची पोळी नेऊन दिली.

"पण ताई, मला एक सांगा, टाटांचं कॉलेज म्हणजे नोकरी टाटा कंपनीत का? यांनी त्यांच्या डेपोतल्या मित्रांना तसंच सांगितलंय."

मी हसले खरी, पण दोष भाऊंचा, म्हणजे वहिनींच्या यजमानांचा, नाही, नावच तसं आहे. 1936 मध्ये मुंबईत नागपाड्याला ती सुरू झाली तेव्हा तिचं नाव सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क असं होतं. पैसा टाटांच्या ट्रस्टचा, आणि पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्सहार्ट नावाचे अमेरिकन मिशनरी. नागपाड्याच्या वस्तीत त्यांचं आधीपासून काम होतं. 1944 मध्ये आजचं नाव आलं, 1954 मध्ये संस्था देवनारला गेली, 1964 मध्ये अभिमत विद्यापीठ झाली. सगळा देश पारतंत्र्यात असताना कुणाच्या तरी डोक्यात आलं की गरिबाला मदत करणं हेसुद्धा शिकून करायचं काम आहे, हे मला अजून नवलाचं वाटतं. कारण आमच्या कोपऱ्यावरच्या बँकेतून निवृत्त झालेल्या काकांना ते आजही पटत नाही. "समाजसेवा करायला डिग्री कशाला? आमचा क्लब दरवर्षी वह्या वाटतो." वाटतात खरे. पोरं उन्हात रांगेत उभी, आणि फोटो येतो तो वाटणाऱ्यांचा.

"त्यांचं सोडा," वहिनी म्हणाल्या, "परवा एक स्थळ आलं. मुलाची आई विचारते, मुलगी पुढं काय करणार? मी म्हटलं, समाजकार्य. तर म्हणते, घरात कुणी पुढारी आहे का?"

"मग तुम्ही काय म्हटलं?"

"म्हटलं, पुढारी नाही, पण मामेसासरे मिलमध्ये लेबर ऑफिसर होते, त्यांनीपण हेच केलं होतं. तेव्हा कुठं बाईचा चेहरा जरा सैल झाला."

ही तोड बरी होती. 1948 च्या कारखाने कायद्यात, जिथं 500 किंवा जास्त कामगार असतील तिथं कल्याण अधिकारी नेमायला सांगितलं होतं, आणि एमएसडब्ल्यू झालेल्या कितीतरी पुरुषांनी त्या खुर्चीवर जन्म काढला. सोलापुरात गिरण्या होत्या तोवर तरी. आजही पुष्कळ पोरं हा कोर्स एचआरमध्ये जायला करतात, त्यात वाईट काही नाही. पण धाकटीच्या डोक्यात ते नाही. तिच्या डोक्यात बिड्या आहेत.

फॉर्मबरोबर जोडायचं निवेदन तिनं मला दाखवायला आणलं होतं. पहिलं वाक्य होतं, लहानपणापासून मला लोकांची सेवा करण्याची आवड आहे. मी पेन्सिलनं आडवी रेघ मारली. दुसऱ्या परिच्छेदात बाबा आमटे होते, तेही काढले. बाबांबद्दल आदर आहेच, पण निवड करणाऱ्यांनी त्या दिवशी वाचलेल्या निम्म्या कागदांत ते असणार. म्हटलं, तू स्वतः काय पाहिलंस ते लिही. गप्प बसली. मग म्हणाली, "मावशी, मी कॉलेजातनं कुंभारीला गेले होते, ते चालेल?"

न चालायला काय झालं? कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहत आहे, बिडी कामगार बायकांची 10,000 घरं, 2006 मध्ये मनमोहन सिंगांच्या हस्ते ती दिली गेली. कामगार पुढारी आडम मास्तरांचं ते काम. त्यांनीच पुढं रे नगर उभं केलं, 30,000 घरांचं, त्यातली पहिली 15,000 जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधान मोदींनी येऊन दिली. हे पेपरात सगळ्यांनी वाचलेलं. पण पोरगी एका घरात दुपारभर बसली होती, ते तिनं लिहिलं. बाई मूळच्या शहराच्या पूर्वभागातल्या, तेलुगू बोलणाऱ्या. मांडीवर सूप. भिजवलेली तेंदूची पानं पत्र्याच्या मापानं कात्रीनं कापायची, चिमूट तंबाखू, गुंडाळी, तोंड दुमडायचं, दोरा. बोलताना बाई हिच्याकडे बघत होत्या, सुपाकडे एकदाही नाही, आणि हात थांबले नाहीत. हजाराचा हिशेब पुरा करून द्यायचा, त्यातून खराब म्हणून बाजूला काढतील त्या वाया. एवढंच लिहिलं होतं, दीड पान. मी एक काना बदलला नाही.

मुलाखत ऑनलाईन झाली. त्याचं वर्णन वहिनींनी भिंतीवर कोपर टेकून केलं ते असं: "सकाळी दहाची वेळ. मी नऊलाच कुकर बंद केला, शिट्टी मध्येच व्हायला नको. यांना गच्चीवर पाठवलं. कामवालीला सुट्टी. आणि मी दाराबाहेर."

"ऐकत होतात?"

"ऐकायला नको? पोटची पोर आहे. सगळं इंग्रजी-हिंदी. त्यातली एक मॅडम तेवढी मराठीत बोलली. म्हणाली, तंबाखू वाईट, बिडी वळणाऱ्या बायकांचे फुप्फुस-डोळे जातात, मग बिडी बंद व्हावी असं तुला वाटतं का? आता सांगायचं की नाही, हो म्हणून? नाहीतर नाही म्हणायचं, रोजगार जाईल. काहीतरी बोल की गं! तर ही गप्प. मला वाटलं नेट गेलं. आणि मग काय म्हणाली माहितीये? 'मी हे त्या बाईंना विचारलंच नाही. मी फक्त दिवसाला किती होतात ते विचारलं.' घ्या! ताई, तिथंच गेला ओ नंबर. स्वतःच सांगितलं ना की मी विचारलं नाही म्हणून!"

वहिनींना मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते, त्या मुलाखतीत मार्क पडले असतील तर तिथंच. होकार-नकाराची तयार उत्तरं त्या टेबलानं सकाळपासून भरपूर ऐकलेली असणार. ज्याचं आयुष्य आहे त्याला आधी विचारायचं, हे दोन वर्षांत शिकवता शिकवता मास्तरांच्या नाकी नऊ येतात. आमच्या दवाखान्यात एक गडी आला होता अक्कलकोट तालुक्यातला. बायकोचं ऑपरेशन सरकारी योजनेतून मंजूर झालेलं, रेशनकार्ड केशरी, कागद पुरे, फुकटात होणार. आणि हा म्हणतो, डिस्चार्ज द्या, घरी जातो. डॉक्टर ओरडले, सिस्टर ओरडल्या, अडाणी म्हणाले. मी त्याला चहा पाजला आणि विचारलं, घरी काय आहे? म्हैस व्यायला आली होती. घरात दुसरं कुणी नाही. सगळ्या वॉर्डात हे कुणी विचारलं नव्हतं. मेव्हण्याला फोन लावून दिला, मेव्हणा म्हशीपाशी गेला, ऑपरेशन झालं.

"कोण हो तो? कुठल्या गावचा?"

"वहिनी, दवाखान्यातलं नावगाव मी सांगत नाही."

हे त्यांना अजून पटलेलं नाही. मागच्या गल्लीतली सून पोलिसांच्या त्या महिला कक्षात जाऊन आली, तेव्हापासून ती का गेली ते मला नक्की ठाऊक असणार अशी त्यांची खात्री आहे. ठाऊक नाही, आणि असतं तरी सांगितलं नसतं. तो कक्षसुद्धा या शिक्षणातूनच निघालेला आहे, हे मात्र सांगितलं. मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात 1984 मध्ये टाटा इन्स्टिट्यूटनं महिला आणि मुलांसाठी पहिला विशेष कक्ष उघडला. 1098 हा मुलांसाठीचा फोनसुद्धा तिथलाच, 1996 चा. बसस्थानकावर त्याची पाटी वहिनींनी पाहिलेली. "अय्या, तो पण?" म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच वाटलं की हा कोर्स त्यांच्या नजरेत दोन बोटं वर चढला.

पण पोटात गोळा होता तो वेगळाच. एका कॉलेजात प्रवेश मिळतोय. जवळचं आहे, बरं आहे, शुक्रवारपर्यंत फी भरा म्हणालेत. भरली आणि टाटाची यादी लागली तर? नाही भरली आणि यादी लागलीच नाही तर? भाऊ म्हणतात भरू नका, पैसे काय झाडाला लागतात? वहिनी म्हणतात भरा, पोरीचं वर्ष जाईल. धाकटी दोघांच्या मध्ये मोबाईल बघत बसलेली.

"भरा," मी म्हटलं. "पण मूळ कागद देऊ नका."

"ते तर म्हणतात मार्कशीट, टीसी सगळं ओरिजिनल जमा करा."

"दाखवा, तपासू द्या, परत घ्या. ठेवून घेता येत नाही. यूजीसीचा 2018 चा नियम आहे, त्यातच फीचंही आहे. प्रवेशाची जी शेवटची तारीख जाहीर केली असेल तिच्या 15 दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलंत तर पूर्ण फी परत, प्रोसेसिंगचे थोडे कापून. त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत 90 टक्के. तारीख उलटून 15 दिवसांच्या आत 80, महिन्याच्या आत 50, पुढं काही नाही. ती शेवटची तारीख आधी लेखी विचारून घ्या, आणि पावती जपून ठेवा."

वहिनींनी हे सगळं तिथंच हाताच्या तळव्यावर पेनानं लिहून घेतलं. कालनिर्णयवर जागा उरली नव्हती.

आता मला यात काय वाटतं, ते सांगते. सगळी कॉलनी विचारतेय की टाटा की कर्वे, मुंबई की पुणे, कुणाचं नाव मोठं. कुणी हे विचारत नाही की पोरीला फिल्डवर्क कुठं मिळणार. एमएसडब्ल्यूत आठवड्यातले दोन दिवस वर्गाबाहेर जातात, वस्तीत, दवाखान्यात, कोर्टात, शाळेत. संध्याकाळी येऊन रिपोर्ट लिहायचा, पर्यवेक्षकाबरोबर आयसीला, म्हणजे एकेकट्याच्या चर्चेला, बसायचं, आणि मॅडम विचारणार, "तू तिथं नक्की काय केलंस?" माणूस तिथं घडतो. चांगल्या पर्यवेक्षकाखाली छोट्या कॉलेजात घडलेली पोरं मी पाहिलीत, आणि मोठ्या नावाखाली दोन वर्षं नुसती सही करून आलेलीही. निर्मला निकेतन 1955 पासून आहे, कर्वे संस्था 1963 पासून, ही काही कालची दुकानं नव्हेत. आणि टाटातच जायचं तर तुळजापूर का नको? 1986 पासून तिथं त्यांचा कॅम्पस आहे, ग्रामीण प्रश्नांकडे कल असलेला. दुष्काळ, ऊसतोड, मराठवाडा, सगळं दारात. धाकटीनं तुळजापूर दुसऱ्या क्रमांकावर टाकलंय, मी असते तर पहिल्यावर टाकलं असतं. वहिनींना मात्र तुळजापूर वेगळ्या कारणानं पसंत आहे. देवीला नवस बोलून झालाय, आणि नंबर तिथंच लागला तर फेडायला वेगळा प्रवास नको.

पगाराचं त्या विचारतात तेव्हा मी गोड बोलत नाही. सरकारी जागा थोड्या, संस्थांत प्रोजेक्ट संपला की नोकरी संपली. धर्मादाय दवाखान्यांत मात्र हा माणूस लागतोच, कारण तिथं 10 टक्के खाटा अगदी गरिबांना फुकट आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात, आणि ते कागद बघायला कुणीतरी बसलेलं असतं. नातेवाईक कॉरिडॉरमध्ये विचारत फिरतात, "एमएसडब्ल्यू कुठं बसतात?" 2021 च्या आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यात वैद्यकीय समाजसेवकांचा उल्लेख आला, त्यानं उद्या जागा वाढतील अशी आशा धरायला हरकत नाही. मी धरून नाही.

हे सगळं बोलणं गुरुवारचं. शुक्रवारी वहिनी अकराच्या सुमारास आल्या त्या पदर खोचून, कणीक लागलेल्या हातानं.

"लागली! तुळजापूर. वेटिंग अकरा."

"बरं झालं की!"

"बरं काय ओ, वेटिंग! अकरा जण मेल्याशिवाय—"

"कुणी मरायला नको. यादीतल्या पोरांनी पाच ठिकाणी फॉर्म भरलेत, तुमच्यासारखेच. कुणाचं दिल्लीला होतं, कुणी मुंबई घेतं, कुणाच्या घरी फी जमत नाही. ते सुटले की खालचे वर सरकतात. अकरा हा काही वाईट नंबर नाही. कागद तयार ठेवा, बोलावणं आलं की मुदत दोन-चार दिवसांचीच असते."

"आणि हे पैसे?"

"आज भरा. तळव्यावर लिहिलंय ना सगळं?"

"कणीक मळताना पुसलं ओ!"

तेवढ्यात त्यांच्या खिडकीतून भाऊंचा आवाज आला. पंधरा दिवस हा माणूस पैशाखेरीज या विषयावर फारसं बोललेला नव्हता, पेपर उघडा धरून बसायचा. "अकरा म्हणजे काहीच नाही. आषाढीला आम्ही पन्नास-पन्नास वेटिंगची माणसं जादा गाडी लावून पाठवलीत."

"इथं जादा गाडी नसते!" वहिनी मागं न वळता ओरडल्या.

"असते. स्पॉट राऊंड म्हणतात तिला. आणि ताईंना म्हणावं, त्या फी परतीच्या तारखा परत एकदा सांगा, मी लिहून घेतो."